ज्योत्स्नाच्या घरची मटकी

लोणावळ्याजवळची वाडी,
१२ जुलै २०२४

ती. आबांस,
ज्योत्स्नाचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मला ओरडून सांगायची नाही, म्हणून लिहिते.

आमच्या बचत गटातल्या बायका आळीपाळीने घरी मटकीला मोड आणून अंगणवाडीत देतात. परवा माझी पाळी होती. इथल्या गारठ्यात मोड लवकर फुटत नाहीत, म्हणून मटकी फडक्यात बांधून चुलीशेजारी उबेला ठेवली. काय सुरेख मोड आले, आबा! पण डबा तसाच भरलेला परत आला. गटाच्या अध्यक्ष सारिकाताई म्हणाल्या, वास येत होता. मी तिथंच मूठभर खाल्ली. कसला वास? कोणाच्या घरची, हे कळल्यावर मुलांच्या काही आयांनी नको म्हटलं, हे अंगणवाडीतल्या हिरामावशींनी नंतर सांगितलं.

आता गटातल्या बायका म्हणतात, ज्योत्स्नानं मटकी आणून द्यावी, भिजवायची आम्ही. म्हणजे कोरडी चालते, माझ्या पाण्यात भिजली की नको! संदेश म्हणतात, गटच सोड. माझं डोकं नुसतं भणभणतंय.

माया आहेच, रागही समजून घ्या.
तुमची,
ज्योत्स्ना

बेगडेवाडी,
१८ जुलै

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. जावईबापूंना सांग, गट सोडायचा न्हाई. सोडलास तर त्या बायांना कारण सांगावंच लागणार न्हाई. भर बैठकीत इचार, काय ते तोंडानं बोला म्हनावं. मी येत न्हाई, आलो तर भांडणच करीन. तुजा आवाज लहानपणापासनं लय मोटा, हितं मलापन ऐकू यील.

आमच्यावरचा जीव हाय तसाच ऱ्हाऊ दे.
तुझा आबा,
बाजीराव

वाडी,
२९ जुलै

ती. आबांस,
सविनय जयभीम.

बैठकीत विचारलं. सारिकाताई म्हणाल्या, विषय वाढवू नकोस. मी म्हटलं, कारण ठरावात लिहा, खाली सह्या करा, मी पाळी सोडते. एकीनंही पेन उचललं नाही.

आज माझ्याच घरी मोड आणलेली मटकी नेली. कांदा घातला, लिंबू पिळलं आणि पोरांच्या पंगतीत मीही बसले. दोन आया आपली मुलं उचलून घेऊन गेल्या. त्यातलं एक रडत होतं, ते अजून कानात आहे. बाकीची पोटभर जेवली. सारिकाताईंच्या मानसीनं तर पुन्हा मागून घेतली. ताई दारातच उभ्या होत्या. मी वाटी पुढं केली, तर म्हणाल्या, आज सोमवार, माझा उपवास.

राग उतरलेला नाही, आबा. उपवास कोणत्या वारी नसतो, ते मी सगळ्यांसमोर विचारून घेतलं. बुधवारी, म्हणाल्या. पुढची पाळी मी बुधवारीच लावून घेतलीय.

तब्येतीला जपा, आशीर्वाद असू द्या.
तुमची,
ज्योत्स्ना