आप्पांची पदवी

३ जुलै १९४१
परिपत्रक आलं. या टर्मपासून वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल फक्त पदवीधरानंच घ्यायचं. म्हणजे आजवर ते घेणारे आप्पा बाहेर.
आप्पा म्हणजे भीमाप्पा, मूळचे रानातल्या कणकुंबी गावचे, शिक्षण मराठी चौथी. कॉलेजातलं वाळवलेल्या वनस्पतींचं एकूण एक पान त्यांनी रान तुडवून आणलेलं. मराठी, कानडी, लॅटिन, तिन्ही नावं तोंडपाठ. मी एम.एस्सी., पण अडलो की त्यांनाच विचारतो. आणि मी राहणार, ते जाणार!

५ जुलै
प्रिन्सिपॉलना म्हटलं, आप्पांना मानद पदवी द्या, प्रश्न मिटेल. ते हसले.
"अहो, आपल्या कॉलेजला साधी पदवी देता येत नाही, मानद कुठली? तो अधिकार युनिव्हर्सिटीचा. आणि ती देणार राजेरजवाड्यांना."
माणूस आमचा, काम आमच्या डोळ्यांदेखत. ठरवणार मात्र ज्यांनी त्याला पाहिलंही नाही ते.

१९ जुलै
अर्ज लिहिला. प्रिन्सिपॉलच्या सहीसाठी चार खेपा. आप्पांना बोललो नाही. आधी होऊ दे.

२ सप्टेंबर
युनिव्हर्सिटीचं उत्तर, दोन ओळी. 'उमेदवाराच्या पूर्वीच्या पदवीची नक्कल जोडावी.'
पदवी असती तर कशाला... जेवलो नाही. हिच्यावर उगाच ओरडलो.

८ सप्टेंबर
प्रिन्सिपॉलनी तोड काढली. नव्या अर्जात निपाणीच्या एका तंबाखूवाल्या शेठजींचं नाव वर, आप्पांचं खाली. शेठजी प्रयोगशाळा बांधून देणार आहेत. शिफारस विभागातर्फे, म्हणजे सही माझी.
"शेठजींनी झाडांचं काय केलंय?"
"तंबाखू झाडच ना?"


९ सप्टेंबर
कुणीतरी आप्पांच्या कानावर घातलं. अनगोळला माझ्या घरी आले. बसले नाहीत.
"मास्तर, मला न इचारताच माझं लगीन ठरवालायसा व्हय?"
चुकलो म्हटलं. चहा घेतला शेवटी. निघताना उंबऱ्यात थांबले, हळूच म्हणाले,
"पर मिळाली, तर पोरास्नी परत शिकवाय यील न्हवं?"


१५ सप्टेंबर
आप्पांच्या जागी आलेल्या नव्या बी.एस्सी. डेमॉन्स्ट्रेटरचं प्रॅक्टिकल. एका मुलीनं पाल्याची फांदी पुढे केली. गृहस्थ पुस्तक चाळत राहिले, मग फांदी घेऊन सरळ व्हरांड्यात. तिथं आप्पा बाकावर. हल्ली नुसतेच येऊन बसतात.
"बसा सायेब. पुस्तक ऱ्हाऊ द्या. आदी पान चुरगळून वास घ्या."
अख्खा वर्ग मागोमाग बाहेर.
प्रिन्सिपॉलनी पाहिलं.  आत येऊन माझ्यापुढे नव्या अर्जाचा कागद ठेवला: "आजच्या टपालात पडायला हवं."
वर शेठजी, खाली आप्पा. सही केली तर लाज वाटेल, नाही केली तर आप्पांचं नावही जाईल. लेखणी बुडवली.
तेवढ्यात बाहेरून हाक. "मास्तर, या की जरा! सात वर्सांनी कारवी फुललीया, गावाकडनं फांदी आलीया!"
कागद तसाच बिनसहीचा टेबलावर ठेवून गेलो. टपाल चारला जातं. परत आलो तेव्हा साडेचार.