बर्फाच्या टेकडीसाठी वजन

केनवड,
१० जानेवारी २०२५

चि. सौ. निकितास अनेक आशीर्वाद.

आज सकाळी थंडी होती. नळाला पाणी आलं, ते भरलं. तूर काढायला मजूर मिळाले, म्हणून दुपारपर्यंत वावरात थांबलो. आता घरी आहे. जावयांना नमस्कार सांग.

फोनवर तू समोर दिसतेस, मग मला नीट बोलता येत नाही. म्हणून लिहितो आहे. फोटो काढून पाठवीन.

फेब्रुवारीत मी कॅनडात तुझ्याकडे आलो की एक दिवस त्या बर्फाच्या टेकडीवर जायचं, असं तू ठरवलंस. सकाळी निघून संध्याकाळी परत. टेकडी लहान आहे, तिथे शिकणारेच येतात, लहान मुलंही घसरतात, हे सगळं समजलं. पण मी तिथे काय करणार, ते कळत नाही. तुझ्या आईला जाऊन तीन महिने झाले. या घरात अजून गोड केलेलं नाही. अशात बापाने पायाला त्या स्कीच्या लांब पट्ट्या बांधून घसरायचं, हे बरं दिसतं का? वाईट दिसतं असंही मला वाटत नाही. काय वाटतं, तेच कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात तू ती टेकडी फोनवर दाखवलीस, तेव्हा तुझी आई म्हणाली होती, "पैसे देऊन पडून राह्यले का हे लोक? आपल्या वावरात ये म्हना पावसाळ्यात, फुकट पाडतो." ती असती तर पहिली तीच चढली असती.

तू माझी उंची, बुटाचं माप आणि वजन विचारलंस. वजन मी बासष्ट सांगितलं. ते मागच्या वर्षीचं होतं. मग खात्री करावी म्हणून मदनसिंगकडे गेलो. तो धान्य घेतो, त्याच्या काट्यावर उभा राहिलो.

"भाऊ, माल कुठी हाय?"

"मलेच मोज."

"ओलाव्याचं वजन कापू का?"

सगळे हसले. मीही हसलो. मग त्याने आकडा पाहिला. "भाऊ, तुमी जेवून राह्यले ना?"

मी म्हणालो, काटा बिघडला असेल.

"याच काट्यावर तुमचं सोयाबीन घेतलं मी. तवा तं काई म्हनलं नाही तुमी."

तरी परवा तू पुन्हा विचारलंस, तेव्हा मी बासष्टच म्हणालो. तेरवीला तू बोललीस ते आठवत होतं. "बाबा, जेवनार नसान तं घराले कुलूप लावून नेईन तुमाले, मंग वापस येऊ देनार नाही." मला इथेच राहायचं आहे निकिता. इथे राहून काय करायचं, तेही कळत नाही, पण इथेच.

आता तूच सांगतेस, वजन बघून पट्टीची पकड कसतात. माणूस पडला की बूट पट्टीतून सुटला पाहिजे. वजन जास्त सांगितलं तर पकड घट्ट बसते, बूट सुटत नाही आणि पाय मोडतो. तेव्हापासून हेच डोक्यात आहे. पाय मोडून तुझ्या घरी पडलो तर परत येणं होणारच नाही. म्हणजे खोटं सांगूनही तिथेच, खरं सांगूनही तिथेच.

वजन एक्कावन्न आहे.

मी जेवतच नाही असं नाही. करायला घेतो आणि ते दोघांचं होतं. उरलेलं बघवत नाही. मग दुसऱ्या दिवशी चहा-बिस्किटावर राहतो.

टेकडीवर मला यायचं आहे. का, ते विचारू नकोस. फक्त परतीचं तिकीट रद्द करू नकोस. वजन वाढवून येईन, असा शब्द देत नाही. तिथे एक्कावन्नच सांग.

कुकर उतरवला आहे. ताट वाढून घेतो आणि बसतो.

तुझा बाबा
इंद्रभान