पहिली खुर्ची

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तुझं नाक फुगतं, म्हणूनच मुद्दाम म्हणते आहे. लहानपणापासूनची शेजारीण, मैत्रीण म्हणवत होतीस आणि गोड बोलून स्वतःचा भाऊ माझ्या गळ्यात बांधलास. आता ऐक त्याचे पराक्रम.

छापखाना बंद पडल्यापासून तो घरी आहे, हे तुला ठाऊकच आहे. इथल्या एका क्लबात पोकरच्या टेबलावर पत्ते वाटायला माणूस हवा आहे. त्याला डीलर म्हणतात. स्वतः खेळायचं नाही, नुसतं पिसायचं, वाटायचं आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. जन्मभर कागदांचे गठ्ठे हाताळलेले, त्यामुळे त्याला वाटलं, हा तर हातचा मळ. मॅनेजरनं चाचणीला बोलावलं आहे आणि त्या चाचणीपायी मी घायकुतीला आले आहे.

जेवायच्या टेबलावर आता जेवता येत नाही. त्यावर जुनी हिरवी चादर ताणून बसवली आहे आणि भोवती नऊ खुर्च्या, निम्म्या शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या. नऊ खेळाडू हवेत आणि नऊही मीच. एका खुर्चीवर मी उतावळी, दुसरीवर चिक्कू, तिसरीवर दारू प्यालेली. त्यातही हा चुका काढतो, की प्यालेला माणूस इतक्या पटकन डाव सोडत नाही. याला कुठून एवढा अनुभव, देव जाणे. तोवर तिकडे भाजी करपते. पत्ता म्हणे टेबलावरून सरपटत जायला हवा, त्याचं तोंड कुणाला दिसता कामा नये. दिसलं की सगळा डाव पुन्हा वाटायचा. परवा फ्रिजखालून मी बदामाची राणी झाडूनं काढली. उठताना रिकामे तळवे उलटसुलट करून दाखवायचे, हाही डीलरचा नियम. तो आता जेवून उठतानाही मला तळवे दाखवतो, मी जणू त्याचे खिसे तपासणार आहे.

आणि ती पहिली खुर्ची! त्याच्या अगदी डाव्या टोकाची. तिच्याशी त्यानं जणू वैर धरलं होतं. बाकी आठ जागी पत्ते नीट पोचायचे, तिथे मात्र कधी अलीकडेच थांबायचे, कधी काठावरून खाली पडायचे, आणि हा खुशाल पुढे वाटत राहायचा. मी हात वर केला तरी माझी पाळी गाळायचा. बोलले की म्हणायचा, तूच वाकडी बसतेस. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. रोज त्यावरून आमची वाजायची.

गेल्या आठवड्यात माझं डोकंच फिरलं. त्या खुर्चीवर बसून मी त्याला जीभ काढून वेडावून दाखवलं. तो मान ताठ ठेवून पत्ते वाटत राहिला. तुझा भाऊ असली संधी सोडणाऱ्यातला नाही, तुला माहीत आहे. मग मी आवाज न करता उठले आणि त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. त्यानं वाटणं संपवलं आणि समोर बघतच म्हणाला, "पहिली खुर्ची, बोला."

दोनदा म्हणाला गं. रिकाम्या खुर्चीला!

ओढतच नेला त्याला डॉक्टरांकडे. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्यानं कडेचं दिसणं गेलं आहे. गेलं ते परत येणार नाही, उरलं आहे ते औषधानं राखता येईल. घरात कुणाला होता का, असं विचारलं तर याचं उत्तर तयार, नाही. मला मात्र तुमचे बाबा आठवले. दाराच्या चौकटीला धडकायचे आणि सुताराच्या नावानं खडे फोडायचे. आपण सगळे त्यांना तापट म्हणत राहिलो. कुणी डोळ्यांत डोकावून पाहिलं नाही. मॅनेजरला त्यानं खरं सांगून टाकलं. त्यावर मॅनेजर म्हणाला, मान वळवून वाट, मला फक्त पत्ता उघडा पडायला नको. म्हणजे सराव चालूच. आता मान वळवायचाही सराव, आणि बोलणी खायला पुन्हा मीच.

हे सगळं तुला कळवायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली होती. ती मोडते आहे. डॉक्टरांनी बजावलं आहे, की सख्ख्या भावंडांनीही लगेच डोळे तपासून घ्यायला हवेत. गेल्या खेपेला आलीस तेव्हा तू चहा कपाबाहेर ओतलास आणि कप भलतीकडे ठेवला म्हणून मलाच झापलंस. मी मनातल्या मनात तुला चार शिव्या घातल्या होत्या. कप तुझ्या समोरच होता गं, जरासा डावीकडे. तुम्ही भावंडं आपली चूक कधी कबूल करायची नाहीत, आणि मला फार भीती वाटते आहे. उद्या सकाळी जा. माझ्यावर चिडायचं असेल तर जाऊन आल्यावर चीड.

तुझीच,
वहिनी