उंटाचा कप

पेडगाव,
रविवार, ता. २० फेब्रुवारी १९९४

चांगुणीस,

कमलचा नमस्कार. खुशाली सांगायची रीत हाय म्हणून सांगते. दोन्ही लेकरं बरी हाईत, म्हैस व्यालीय, हरभरा काढणीला आलाय. तिकडं येलदरीला तुझी शाळा, तुझी खोली, सगळं झकास असंल. इतकं पुरं.

तुझं पत्र बुधवारी आलं. आधी मालकांच्या हातात गेलं, मग माझ्या. आमच्यात बाईच्या नावाचं पाकीट आधी गडीमाणूस फोडतो, हे तुला सांगायला पायजे का? चुडाव्यात तुझं अर्धं लहानपण आमच्याच अंगणात गेलं. तरी सरळ लिहून मोकळी झालीस, 'कमल, आता तरी आईला खरं सांग.' वर ठळक अक्षरात जय भीम. विद्यापीठाचं नाव बदलून महिना झाला. गावात निम्म्यांनी पेढे वाटले, निम्म्यांनी दारं लावून घेतली, अजून कुणी कुणाच्या ओट्यावर बसंना. अशात मालकांनी तुझं पत्र चार माणसांत वाचलं आणि मला हाक मारून विचारलं, "काय खरं सांगायचं राहिलंय गं तुझं?" मी म्हणलं, शाळेतली जुनी गंमत हाय, पोरीपोरींची. तवापासून ते माझ्याशी धड बोलत न्हाईत. तुझं काय जातंय, दहा ओळी खरडल्या आणि टाकल्या पेटीत.

आणि सात वर्षांनी हे कशाला उकरायलीस? तू लिहिलंस, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, चुडाव्यात एकटी राहते, चूल पेटवताना हात भाजला, तरी तुझ्याकडं यायला तयार न्हाई. म्हणते, 'जिच्या लेखणीनं माझं काम गेलं, तिच्या घरचा घास मला नको.' वाचून वाईट वाटलं, न्हाई कशाला म्हणू. पण तुझी आई हट्टी, त्यात माझा काय गुन्हा? तूच तिला समजावलं असतंस. मास्तरीण हाईस ना, चाळीस लेकरांना समजावतीस.

तुला वाटत असंल, कमल सगळं विसरून बसली. मी काहीसुदिक विसरले न्हाई. आजही रविवार हाय, आणि 'गंमतपेटी' बंद होऊन चार वर्षं झाली तरी नऊ वाजले की माझं ध्यान टीव्हीकडं जातं.

आबांनी टीव्ही आणला त्या साली रविवारी सकाळी अख्खं गाव आमच्या अंगणात असायचं. कापडाच्या बाहुल्या, त्यांची गाणी, नकला, कुस्ती, जादू, सगळं अर्ध्या तासात. मी आत सतरंजीवर, तू बाहेर खिडकीचा गज धरून उभी. टीव्ही काळापांढरा, म्हणून त्या सूत्रधार घंटीरावाचं नाक लाल का जांभळं यावर आपण महिनाभर भांडलो. तू म्हणायचीस, जांभळंच, तो पडद्यामागं चोरून जांभळं खातो आणि तोंड पुसायचं सोडून नाक पुसतो.

तिथून आपल्याला तो नाद लागला. पडदा पडल्यावर ही मंडळी काय करत असतील? एका रविवारी मैनावतीनं गाणं म्हणलं न्हाई, तर मी सांगितलं की तिला खिडकीजवळच्या खुंटीला टांगलं होतं, गार वाऱ्यानं घसा बसला. मग खुंट्यांवरनं भांडणं. पंख्याखालची खुंटी पैलवान भोपळ्यानं बळकावली, का तर त्याचं डोकं भोपळ्याचं, उकाड्यात नासतं. घंटीरावाचा कान दोऱ्यानं शिवलेला दिसला, तवा तू शपथेवर सांगितलंस की मैनावतीच चावली, तिच्या ताना चालू असताना हा मुद्दाम घंटी वाजवतो म्हणून. आणि तो उंट. दर रविवारी यायचा, मधोमध उभा राहायचा, एक शब्द न बोलता निघून जायचा. शाळेचे सूर्यभान गुरुजी आबांच्या शेजारी खुर्चीवर बसून म्हणायचे, हा नक्की मालकाचा जावई, फुकटचा पगार खायलाय. तू म्हणलीस, न्हाई गुरुजी, त्याच्यात हात घालणारा माणूस आपल्या परभणीकडचा हाय. तोंड उघडलं की 'काय करायलाव' निघंल आणि मुंबईवाले हसतील, म्हणून गप असतो. त्या दिवशी आबासुदिक हसले होते.

मग वही आली. 'पडद्यामागची खबर.' मी सांगायची, तू लिहायचीस, कारण माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं आणि तुझं मोत्याचं. आडावर बायका पाणी भरता भरता विचारायच्या, या आठवड्याला उंटाची काय खबर? तुझी आई आमच्या गोठ्यात शेण काढायची, तिनंही एकदा हात थांबवून विचारलं, "त्या उंटाला जेवाया कोण वाढतं गं, बायांनो?" आपण दोघी खो खो हसलो.

ते हसणं तिथंच ऱ्हायलं असतं तर बरं झालं असतं.

आता तू म्हणशील, पुढचं सांग. सांगते. तुझं पुढं बरंच झालं, हे आधी सांगते. त्या दिवसानंतर तुझ्या मामानं तुला परभणीला नेलं, शिकवलं, तू नोकरीला लागलीस. मला आबांनी दहावीवरच बसवलं. मी पाया पडले, कॉलेजला जाऊ द्या म्हणलं. ते म्हणले, पोरीच्या जातीला लय शिकून काय करायचं, पेडगावचं स्थळ आलंय. तुझा पगार आणि माझ्या म्हशी, घाल ताळा. कवा कवा वाटतं, त्या दिवसाचं भोगलं ते मीच.

हे लिहिलं आणि लेखणी खाली ठेवून चूल सारवून आले. खोटं हाय ते. पण खोडत न्हाई, तुला कळू दे मी मनात काय काय रचून ठेवलंय.

वहीतला तो मजकूर मला पाठ हाय. 'पैलवान भोपळे पडद्यापुढं भाषण करतात, आपण सगळे एकाच कापडाचे. पडदा पडला की उंटाला चहा निराळ्या कपात. त्या कपाचा कान तुटलेला हाय. तो गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असतो. पिऊन झाल्यावर उंटानं स्वतः विसळून पुन्हा पालथा घालायचा.' आबांनी सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याखाली म्हणलं होतं, आपण सगळे एका मातीचे. आणि आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात तो कप तुझ्या आईचा होता. वाचणाऱ्याला वेगळं सांगायची गरजच नव्हती.

वही टीव्हीच्या झाकणाखाली ठेवायची अक्कल माझी. त्या रविवारी आबांनी झाकण काढलं आणि वही त्यांच्या हाती लागली. 'गंमतपेटी' संपेपर्यंत ते वहीच चाळत बसले. मग तुला ओट्यापुढं उभं करून म्हणले, वाच मोठ्यानं. तू वाचलंस. थांबली न्हाईस, अडखळली न्हाईस, कपापर्यंत आलीस तवाही तुझा आवाज तसाच. आबांनी विचारलं, अक्षर कुणाचं? तू म्हणलीस, माझं.

का म्हणलीस? सात वर्षं मला हेच विचारायचंय. 'अक्षर माझं, सांगणारी कमल' इतके चार शब्द तुला जड झाले? तू माझ्याकडं बघितलंस आणि वाट बघत गप उभी राहिलीस. मला तुझा त्या घडीला इतका राग आला, की आबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तुला ठाव होतं का हे?" तवा मी म्हणलं, "न्हाई आबा. तिच्याच मनचं हाय ते."

तुझी आई गर्दीतून उठून आली आणि तिनं तुझ्या थोबाडीत मारली. एकदा न्हाई, तीनदा. आबा नुसते बघत राहिले. त्यांना हात उचलावा लागला न्हाई. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या आईला काम बंद, तुमच्या वस्तीला अंगण बंद. तुझ्या आईनं जाताना तो कप कोनाड्यातून घेतला, धुतला आणि पुन्हा पालथा घालून गेली. मी दारातून बघितलं.

आणि आणखी एक ऐक, म्हणजे तुझ्या मनात माझ्याबद्दल काही चांगलं उरलं असंल तर तेही जाईल. मी तो मजकूर तुझ्या आईच्या कळवळ्यानं सांगितला नव्हता. तो कप मी जल्मापासून बघत होते, मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याच आठवड्यात आबांनी माझं कॉलेज तोडलं होतं. मला त्यांना डिवचायचं होतं. हाताला जे लागलं ते मी फेकून मारलं, ते तुझ्या आईचं होतं. तू लिहिता लिहिता थांबून म्हणली होतीस, "कमल, हे नको. आईला भोवंल." मी म्हणलं होतं, लिही गं, भित्री कुठली.

तू आईला खरं सांगितलं होतंस, हे तुझ्या पत्रातनं कळलं. ती म्हणली, थोराघरची पोर आपल्याच बापाला असं कशाला म्हणंल? बरोबर हाय तिचं. कुणाला पटंल?

म्हणून आता नीट ऐक. या पाकिटात तुझ्या आईसाठी दुसरा कागद हाय. तो तू वाचून दाखवू नकोस. तू वाचलास तर ती म्हणंल, पोरीनं मनचं रचलं. चुडाव्याला जा आणि सूर्यभान गुरुजींकडून वाचून घे. माझं कोंबडीचं अक्षर त्यांनी चौथीपर्यंत तपासलंय, ते ओळखतील. गुरुजी रोज तिसऱ्या पारी आबांकडं चहाला जातात, हे मला ठाव हाय. त्यांच्या पोटात काही ऱ्हात न्हाई, हेही ठाव हाय. त्यांनी हे वाचलं, त्या दिवसापासून मला माहेर ऱ्हाणार न्हाई. मालकांना मी आत्ताच सांगून आले. ते म्हणले, मग पंचमीला कुठं जाशील? मी म्हणलं, कुठंच न्हाई.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला न्हाई. माझ्याकडं बघून गप उभी राहिलीस, त्याचा. उत्तर लिहू नकोस, आणि लिहिलंस तर आईचं डोळ्याचं काम झालं का एवढंच लिही.

कमल

(दुसरा कागद)

केशरमावशीस,

दिनकररावांची कमल पाया पडते. मावशी, त्या वहीतलं कपाचं मी सांगितलं. चांगुणी नको म्हणत होती, मी तिला लिहायला लावलं. आबांनी विचारलं तवा मी अंगणात सगळ्यांपुढं खोटं बोलले. तुमी त्या दिवशी ज्या तीन थोबाडीत मारल्या, त्या माझ्या होत्या. तुमचं काम माझ्यामुळं गेलं, पोरीमुळं न्हाई.

गुरुजी, एवढं वाचून झालं की मावशीला विचारा, कळलं का. न्हाई म्हणली तर पुन्हा पहिल्यापासून वाचा.

मावशी, पोरीकडं जा. तिच्या घरी जेवा.

लिहिणारी आणि सांगणारी, दोन्ही मीच,
कमल बन्सीधर, मु. पो. पेडगाव