पौर्णिमा नसतानाचे उपोसथ

चि. सूनबाई रश्मी,

संघरत्नाच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नाही. फोनवर मी नुसतं हं म्हणतो, म्हणून तिनं नाशिकहून लिहिलं होतं, 'बाबा, पित्ताशयात खडे आहेत. सारखं दुखतंय तर ऑपरेशन करून घ्या. पुस्तकातले घरगुती उपाय नकोत. आणि उपाशी राहू नका, त्यानं खडे वाढतात.' लेक नर्स, तरी मी पुस्तकावरच विसंबलो.

जेवलं की दुखायचं, म्हणून उपोसथाचा उपवास आहे असं सांगून मी रात्रीचं जेवण टाळत होतो. तू हसलीसही, "बाबा, पौर्णिमा गेली की! माझा डाळभात आवडत नाय तर तसं सांगा ना." तुझ्या हाताला दोष नव्हता, रश्मी. दुखणं कळलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि मला भूल घ्यायची भीती वाटत होती.

आज अंगात ताप आहे, आणि आरशात डोळे पिवळे दिसले. तू अंगणवाडीत गेली होतीस, बोलवायचा धीर झाला नाही. शेजारच्या सतीशच्या रिक्षानं शहापूरला दवाखान्यात जातोय. सोनोग्राफीचा कागद बरोबर घेतलाय. धावपळ करू नकोस, पण ये. संघरत्नाला फोन तूच कर, मला बोलता येणार नाही.

तिला उत्तरही लिहिलं. घरात पोस्टकार्डच होतं. 'ऑपरेशनला तयार आहे. फार भीती वाटते. तू ये.' पोस्टमन वाचील. वाचू दे. आत्ताच किन्हवली नाक्यावरच्या पेटीत टाकून आलो.

बाबा