कापून वाढलेलं ऑम्लेट

प्रिय तिखटे,

गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, की घरी आलीस तर लोक आधी तुझी चाकांची खुर्ची बघतील आणि मग, वेळ उरलाच तर, तुला. मी शहाण्यासारखं म्हणालो, "हे तुझ्या मनाचे खेळ आहेत गं. आपल्या भागातली माणसं तशी नाहीत." तू फोन ठेवलास तो ठेवलासच. महिनाअखेरपर्यंत तुला ठरवायचं आहे, घरी यायचं की उपचार झालेत त्याच केंद्रात कायमची खोली घ्यायची. इकडे मी तुला घरी आणण्याचे मुद्दे जमवत होतो. त्यातला सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं नाश्ताघर. तो रविवारी कसा कोसळला ते सांगतो. मी अजून सावरलेलो नाही, तेव्हा लिहिण्यात मागेपुढे झालं तर सांभाळून घे.

तुझी नवी खुर्ची तुझ्याआधीच घरी येऊन पडली आहे. रविवारी सकाळी मी तिच्यात बसून बघितलं. ढकलायची वेळ येईल तेव्हा ती कशी वळते हे ठाऊक असावं, एवढाच हेतू होता. बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारल्या, टेबलाचा पाय सोलला, आणि मग डोक्यात आलं, की हिच्यातच बसून नाश्त्याला जावं. तिथे मागच्या वर्षी उतार बांधलाय. तो चढून बघावा आणि तुला लिहावं, की बघ, काही अडत नाही. ही लबाडी तर नाही ना, असं दारातच मनात आलं होतं. डायरीत मी तिला 'रंगीत तालीम' म्हटलं. आता ते खोडून खरं लिहिलंय: मला वादात तुला हरवायचं होतं.

उतार होता. चांगला होता, बाजूला धरायला दांडाही होता. त्याच्या पायथ्याशी पदार्थांची पाटी उभी, मध्ये कुंड्या, वरच्या टोकाला दुधाचे रिकामे क्रेट. नवा वेटर लगबगीने बाहेर आला. मला वाटलं, कुंड्या हलवायला. तो म्हणाला, "काका, आत कशाला त्रास घेताय, इथेच बसा की, हवेशीर आहे." हवेशीर म्हणजे भांडी घासतात त्या खिडकीखाली, उष्ट्याच्या पिंपाशेजारी. गल्ल्यावरून मावशींनी बघितलं. आपल्या मावशी, ज्यांना मी चष्म्याची काडी बदलली तरी कळतं. त्या फार गोड हसल्या. माझ्याकडे बघून त्या असं कधी हसत नाहीत. "आलास का, बैस," म्हणतात आणि कामाला लागतात. मग त्यांनी नजर फिरवली, जरा घाईनेच. त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. त्यांची नजर माझ्या तोंडापर्यंत पोचलीच नव्हती.

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ पेपर वाचत होते. वेटरने त्यांना विचारलं, "यांना काय द्यायचं?" ते गोंधळले. "हे माझ्याबरोबर नाहीत हो," म्हणाले, आणि मग मला पायांपासून एकदा न्याहाळून, "काहीतरी हलकंच द्या." मी तिथेच होतो, तिखटे. माझी जीभ जागेवर होती. मी 'ऑम्लेट' असं म्हणालोसुद्धा, पण ते दोघं एकमेकांशी बोलत होते, आणि मध्ये तोंड घालणं मला स्वतःलाच उद्धटपणाचं वाटलं.

ऑम्लेट आलं. आपल्या आचाऱ्याचं ऑम्लेट तुला आठवतं ना? कडेला जाळीदार, कुरकुरीत, आणि मिरची अशी की बाबा डोळे पुसत खायचे आणि आणखी एक मागवायचे. एकदा ते मऊ आलं, तर तू, फ्रॉकातली एवढीशी, बशी घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिलीस. "हे ऑम्लेट आहे की घडी घातलेला रुमाल?" आचारी आतून म्हणाला होता, "हिला इथेच नोकरीला ठेवा, नाहीतर माझी जाईल." बाबांनी त्याच दिवशी तुझं नाव बदललं. तर त्याच आचाऱ्याच्या हातचं हे ऑम्लेट: पांढुरकं, मिरची नाही, कांदा नाही, मीठ नुसतं दाखवलेलं. आणि कापलेलं. बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे, बाजूला चमचा. टोस्टच्या कडा काढून टाकलेल्या. कॉफी अर्धा कप आणि कोमट, सांडली तर भाजू नये म्हणून. एवढी काळजी मी आजवर दात न आलेल्या मुलांच्याच ताटात बघितली होती.

मी ते खाल्लं. चहात साखर जरा जास्त पडली तर कप परत पाठवणारा मी, चमच्याने, एकेक तुकडा, बशी साफ होईपर्यंत. वेटरने विचारलं, "काका, बरं झालंय ना?" आणि मी म्हणालो, "छान झालंय." त्या खुर्चीत बसून मला तासही झाला नव्हता.

माझ्या आवाजाने मात्र मावशींची मान वर झाली. त्या गल्ला सोडून बाहेर आल्या, वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "बहिणीचं झालं ते झालं, आता तूही?" आणि रडायलाच लागल्या. त्याच क्षणी उठून उभं राहायला हवं होतं. पण आपल्यासाठी रडणाऱ्या बाईसमोर ताडकन उभं कसं राहणार? मी घुटमळलो, तेवढ्यात आचारी आला, आजूबाजूची टेबलं उठली, पाटी, कुंड्या, क्रेट बघता बघता बाजूला झाले, आणि उतार मोकळा झालेला असताना चौघांनी मला खुर्चीसकट उचलून आत नेलं. आत आग्रहाने कॉफीवर कॉफी. तिचा परिणाम व्हायचा तो झाला, तर स्वच्छतागृहाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद आणि आत फरशी पुसायच्या बादल्या. मला उभं राहता येत होतं, पण उभं राहायची सोय उरली नव्हती. आचाऱ्याने स्वतः ढकलत मला घरी आणून सोडलं, वाटभर नाक ओढत. तो दिसेनासा होईपर्यंत मी दारात दम धरला आणि मग असा आत पळालो, की खुर्ची दाराबाहेरच राहिली. तुझी हसून मुरकुंडी वळली असती. मीही हसलो. मग लक्षात आलं, की मला पळता आलं म्हणून तो विनोद झाला.

सोमवारी चालत गेलो आणि सगळं सांगितलं. मला दोन पायांवर बघून मावशी आधी पांढऱ्याफटक पडल्या, मग लाल झाल्या. "इतकी वर्षं आमच्याकडे खाल्लंस, आता आमची परीक्षा घ्यायला आलास होय रे?" मी ऐकून घेतलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. आचारी म्हणाला, "मी मायेनं कापलं होतं रे." माझा त्याच्यावर विश्वास आहे, आणि अडचण तीच आहे. दुष्टपणा असता तर भांडता आलं असतं.  मग मावशींनी अगदी मनापासून विचारलं, "बरं, ती आली तर तिला कसं बसवायचं, काय वाढायचं, तू सांग." माझं उत्तर तयार होतं, टेबल कुठलं, तिखट किती, सगळं. पण ते दिलं नाही. उतारावर काही ठेवू नका, एवढं म्हणालो. ते कुणालाही सांगता येतं. बाकीचं मला विचारू नका म्हणालो. त्यांनी विचारलं, "म्हणजे? तू भाऊ ना तिचा?"

काल संध्याकाळी तुमच्या केंद्राच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. तुझी खोली नक्की करायची का, म्हणून. म्हणाल्या, "आम्ही ताईंना विचारलं, पण त्या म्हणतात, दादा म्हणेल तसं." रविवारपासून बसलेल्या सगळ्या धक्क्यांत हा मोठा. बाबांना स्वतःच्या चपलासुद्धा निवडू न देणारी माझी बहीण, तिच्या तोंडी हे वाक्य. 'घरीच येईल' हे उत्तर माझ्या ओठांवर होतं, आणि ते दिलं असतं तर मी त्या पेपर वाचणाऱ्या गृहस्थांपेक्षा वेगळा कसा? मी बाईंना म्हणालो, तिलाच विचारा, आणि तिने पुन्हा माझं नाव घेतलं तर पुन्हा विचारा. त्यांना वाटलं असेल, भाऊ अंग काढून घेतोय. तुला तसं वाटू नये म्हणून हे पत्र. मला तू घरी हवी आहेस. बाबा गेल्यापासून रविवारची सकाळ मला एकट्याला संपवत नाही. पण ही माझी भूक झाली, तुझं उत्तर नव्हे. लोकांबद्दल तू बरोबर होतीस आणि मी चूक, हे लिहून देतो. तू आलीस तर पहिले काही दिवस तुझ्याही पुढे कापलेलंच ऑम्लेट येईल, आणि ते परत पाठवायचं की नाही हे मी ठरवणार नाही, खोलीचंही नाही. काय हवं ते तू सांग. रागावून सांगितलंस तरी चालेल. खरं म्हणजे रागावूनच सांग.

तुझाच,
दादा