पाठमोरी बाई

माय,

तू आमच्या वर्गाच्या पुस्तकात जाते आहेस. हसू नकोस. कॉलेज मुलांच्या चित्रांचं एक आर्टबुक छापतं, त्यात मी एका गोष्टीचं कन्सेप्ट आर्ट केलंय. म्हणजे गोष्ट पडद्यावर यायच्या आधी तिच्यातली माणसं, घरं, गल्ल्या कशा दिसतील ते काढून पाहायचं. माझ्या गोष्टीतलं शहर साड्यांचं आहे. पूल साड्यांचे, छपरं साड्यांची. आणि त्यातून छोटी कात्री घेऊन लोंबते धागे कापत फिरणारी बाई, ती तू.

सरांना शहर फार आवडलं. पण पानं उलटता उलटता थांबून त्यांनी गुजरातीत विचारलं, "आ बेन बधे पीठ फेरवीने केम ऊभी छे?" मी पाहिलं तर खरंच, एकूण एक चित्रात तू पाठमोरी. हिला वळव, म्हणाले, चेहरा नसलेलं पात्र अर्धं, आणि अर्धं पात्र मी पुस्तकात घेणार नाही. झालं! तुझ्याशिवाय त्या शहरात उरतं काय?

पण मी तरी काय करू गं? मी दुसरीत असताना तू गेलीस, आणि तोवर मी तुला मागूनच जास्त पाहिलं. डिंडोलीच्या त्या खोलीत उजेड फक्त दाराशी. तू दाराकडे तोंड करून बसली आहेस, मांडीवर कारखान्याची साडी उलटी पसरली आहे, धागे कापते आहेस. मी मागे बसून बोटानं तुझ्या पाठीवर चित्र काढते आहे. "काय काढं? वयख!" मी तुला ओळखायला लावते. तू न वळता म्हणतेस, "हत्ती शे. आते सरक, कात्री लागी जाई." मी मोर काढला तरी हत्ती, घर काढलं तरी हत्ती. मला इतका राग यायचा! आज वाटतं, एवढे हत्ती दुसऱ्या कुणाच्या पाठीवर मावले नसते.

दुसऱ्या खेपेला मी भिंतीवरच्या फोटोवरून चेहरा घेतला. तो फोटो तू गेल्यावर उधन्याच्या स्टुडिओत करून आणलेला. लग्नातल्या घोळक्यातून तुझं डोकं काढलं, खाली कुणाची तरी जरीची साडी जोडली आणि रंग उजळवून नाक-डोळे असे पुसट केले की तू स्वतःच विचारलं असतंस, ही कोण बया? हार घालायला तोच आहे घरात. सरांनी नवीन चित्र पाहिलं आणि म्हणाले, "आ कोण छे? पेली क्यां गई?" आधीची ती कुठे गेली! मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी मनातून खूश झाले. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही त्यांनाही कळलं की ही तू नव्हेस.

मग बाबांना विचारलं, तू कशी दिसायचीस. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुनी माय हासे ना, तवय तिना डावा डोया बारीक व्हई जाये." आणि या वयात चक्क लाजले! तेवढ्यावर मी बसले. बारीक झालेला डावा डोळा आधी काढला. हनुवटी आरशात बघून माझीच घेतली. नाक काही केल्या जमेना, सतरा वेळा खोडलं, शेवटी मावशीचं लावलं. धागा कापता कापता कुणीतरी हाक मारली म्हणून तू वळली आहेस, असं चित्र झालं. सर मान डोलावून पुढच्या पानावर गेले. तू पुस्तकात आहेस.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पत्र तुझ्याऐवजी बाबांना वाचून दाखवावं असं मनात होतं. पण नाही दाखवणार. त्यांच्याकडे तुझा खरा चेहरा आहे, त्यात माझी खाडाखोड नको. माझ्याकडे नव्हता गं. आता तू आठवलीस की हाच येतो, माझ्या हातचा. नाक बहुतेक चुकलंय. तरी मी त्यालाच माय म्हणते.